भिंतीतून लोटा निघाला तर: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी गुप्तधनाचा कायदा

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री साडेनऊला फोन आला. चरईतले एक काका, जुने पक्षकार. "बाई, जरा घरी येऊन जाता का? भिंतीतून काहीतरी निघालंय. फोनवर नको."

त्यांचा वाडा पाडायला काढला होता. माजघराच्या भिंतीतला कोनाडा मिस्त्रीने पहारीने उकलला, तर मागे आणखी एक पोकळी आणि तीत पितळी लोटा. तोंड चुन्याने लिंपलेलं, पहार लागून एका बाजूला पोचा आलेला. मी पोचले तेव्हा नाणी वर्तमानपत्रावर ओतून झाली होती. काका दहा-दहाच्या चळती लावत होते. त्यांचे मेहुणे सराफाचा नंबर शोधत होते. मिस्त्री उंबऱ्यात बसून होता, हात धुऊनही बोटांच्या फटीत चुना तसाच. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

मेहुण्यांना मी आधी फोन खाली ठेवायला लावला. गुप्तधनाच्या बाबतीत माणसं कायमची अडकतात ती पहिल्या दिवसात केलेल्या गोष्टींमुळे, आणि त्यात सराफाला केलेला फोन पहिल्या नंबरावर आहे.

कायद्याच्या भाषेत 'निखात निधी' म्हणजे काय

यासाठीचा कायदा आहे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या कशातही दडवलेली, काही किंमत असलेली कोणतीही वस्तू म्हणजे निखात निधी. घराची भिंत, जोतं, फरशी, विहिरीचा कठडा हे सगळं जमिनीला जोडलेलं, म्हणून त्यात आलं. सोनं-चांदीच हवं असंही नाही. दगडी मूर्ती, ताम्रपट, तोफगोळा, काहीही चालेल.

कळवण्याचं बंधन आहे ते दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूला. ही दहाची मर्यादा वाचून लोक हसतात. पण तेव्हाचा रुपया एक तोळ्याचा होता, म्हणजे दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांची चांदीची नाणी. आकडा तोच राहिला, रुपया कुठल्या कुठे गेला. आज व्यवहारात अर्थ इतकाच की जे सापडेल ते कळवायचं.

यात काय येत नाही तेही बघा. वाडा रिकामा करताना भंगारवाल्याला विकलेल्या लाकडी कपाटाच्या चोरकप्प्यात पाटल्या निघाल्या, तर कपाट जमिनीला जोडलेलं नाही, त्यामुळे हा निखात निधी नव्हे. लोकलच्या डब्यात सापडलेली पर्स, तलावपाळीवर पडलेली अंगठी हीसुद्धा हरवलेली वस्तू. वाशीच्या खाडीपुलावरून प्रवासी भक्तिभावाने नाणी टाकतात, ती कोणी दडवलेली नसतात.

हरवलेल्या वस्तूचं गणित वेगळं. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ प्रमाणे ती उचलणाऱ्यावर दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याची जबाबदारी येते. मालकाला शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करता ती आपली केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागतं: किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद आणि दंड. अशी वस्तू पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या, मोकळे व्हा. पुढचं सगळं भिंतीतल्या लोट्याबद्दल.

पहिला तास

काम तिथेच थांबवा. जेसीबी चालू असेल तर बंद करा, कारण एका हंड्याशेजारी दुसरा असू शकतो आणि बादलीच्या दुसऱ्या फेरीत तो राडारोड्यात जातो. वस्तू अजून जागेवर असेल तर काढण्याआधी फोटो घ्या: एक लांबून, भिंत किंवा खड्डा कळेल असा, एक जवळून, शेजारी आजचं नाणं किंवा मोजपट्टी ठेवून. तारीख-वेळ फोटोत आपोआप नोंदली जाते, तरी कागदावरही लिहा.

भांडं बंद असेल तर उघडू नका. उघडलं गेलंच असेल तर सगळ्यांसमोर मोजा. दोन पंच घ्या, शक्यतो मालकाचा नातेवाईक नसलेला एक आणि कंत्राटदाराचा माणूस नसलेला एक. सोसायटी असेल तर शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी चालतील. यादी हाताने लिहा: किती नाणी, कोणत्या धातूची वाटतात, त्यावर कोणाचा चेहरा, कोणतं साल. खाली सगळ्यांच्या सह्या.

आणि घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही नाही. नाण्यावरचा काळपट-हिरवा थर अभ्यासकाला वय आणि जागा सांगतो. तो गेला की नाणं चकचकीत होतं आणि निम्मं मुकं होतं. मूर्ती निघाली तर तासाभरात कोणीतरी दूध, तेल, शेंदूर घेऊन येतंच. हात जोडा, नारळ शेजारी ठेवा, पण मूर्तीला काही लावू देऊ नका. शेंदराचे थर काढताना खालचं कोरीव काम जातं. शिवाय एकदा पूजा सुरू झाली की मूर्ती हलवायला गाव विरोध करतं, हा वेगळाच वाद.

व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचा मोह आवरा. रात्री बंदोबस्ताला कोणी नसतं आणि सकाळी भिंतीला चार नवी भोकं दिसतात.

कोणाला कळवायचं, काय लिहायचं

कलम ४ प्रमाणे सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. किती दिवसांत, हे कायद्यात नाही. माझ्या मते दुसरा दिवस उजाडला की निघायचं.

इथे आपल्याकडची एक गफलत सांगते. नवी मुंबई म्हटलं की लोक एकच जिल्हा धरतात. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, त्याचा अर्ज ठाण्यात कोर्ट नाक्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. खारघर, कळंबोली, पनवेल, उलवे, द्रोणागिरी हे सगळं रायगड जिल्ह्यात, त्याचे जिल्हाधिकारी अलिबागला. बेलापूर आणि खारघर लोकलने एका स्टेशनाच्या अंतरावर आहेत, पण चुकीच्या जिल्ह्यात दिलेला अर्ज फिरत राहतो आणि तुमची "लवकर" मात्र मोजली जाते.

अर्जात तीन गोष्टी असायलाच हव्यात: वस्तूचं स्वरूप आणि संख्या किंवा अंदाजे किंमत, सापडल्याची जागा, सापडल्याची तारीख. एवढं पुरतं:

"प्रति, मा. जिल्हाधिकारी, ठाणे. विषय: भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ च्या कलम ४ अन्वये सूचना. महोदय, दि. ___ रोजी सायं. ___ वाजता ___ येथील घराची (सिटी सर्व्हे नं. ___) भिंत पाडत असताना मला पितळी लोटा व त्यात चांदीसारख्या धातूची ___ नाणी सापडली. अंदाजे किंमत रु. ___. दोन पंचांसमक्ष केलेली यादी व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सदर वस्तू शासकीय कोषागारात जमा करण्यास / आपण ठरवाल ती हमी देण्यास मी तयार आहे. जागेचे मालक: ___."

किमतीसाठी सराफाकडे जायची गरज नाही, अंदाज पुरतो. दोन प्रती न्या, टपाल शाखेत एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच लॅमिनेट करू नका, पण जपा. पुढे सगळं हिच्या जोरावर चालतं.

सूचनेबरोबर दोनपैकी एक करावं लागतं: वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करीन अशी जिल्हाधिकारी ठरवतील ती हमी द्यायची. मी नेहमी जमा करायला सांगते. घरात ठेवलेल्या नाण्यांपायी झोप जाते, आणि एक नाणं जरी कमी भरलं तरी बोट तुमच्याकडे.

"आम्ही पोलिसांना बोलावलं, त्यांनी पंचनामा केला, मुद्देमाल नेला. झालं ना?" हा प्रश्न हमखास येतो. पोलिसांना जरूर बोलवा, ११२ ला फोन करा, विशेषतः गर्दी जमली असेल तर. पण कलम ४ ची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची आहे. पंचनाम्याची प्रत मिळवा, अर्जाला जोडा, अर्ज स्वतंत्र द्या.

मग सरकार काय करतं

जिल्हाधिकारी चौकशी करून जाहीरनामा काढतात: अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक सापडलं, हक्क सांगणाऱ्यांनी अमुक तारखेला हजर व्हावं. ती तारीख जाहीरनाम्यानंतर चार महिन्यांच्या आधीची नसते आणि सहा महिन्यांच्या पुढचीही नसते. जागा दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल तर त्याला वेगळी नोटीस जाते.

त्या तारखेला स्वतः जा किंवा प्रतिनिधी पाठवा. हजर न राहणाऱ्याचा हक्क बुडतो. मिस्त्री गावाला गेला, मालक मुलाकडे परदेशात, अशा वेळी घोळ होतो. मुखत्यारपत्र आधीच करून ठेवा.

सुनावणीत ठरतं की वस्तू कोणाला, कुठे, कशी सापडली. आणि शक्य तिथवर, ती कोणी आणि कोणत्या परिस्थितीत दडवली.

शंभर वर्षांचा प्रश्न

वस्तू सापडल्याच्या आधीच्या शंभर वर्षांत दडवली गेली असेल, आणि दडवणारा किंवा त्याच्याकडून हक्क मिळालेला वारस समोर आला असेल, तर जिल्हाधिकारी सुनावणी तहकूब करून त्याला दिवाणी न्यायालयात दावा लावायला वेळ देतात. तिथे तो जिंकला तर ठेवा त्याचा. असं मानायला कारणच नसेल, मुदतीत दावा लागला नाही किंवा फेटाळला गेला, तर ठेवा बेवारस म्हणून जाहीर होतो. या निर्णयावर दोन महिन्यांत वरिष्ठ महसूल प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

शंभर वर्षं कशी ठरवायची? नाण्यांच्या बाबतीत एक सोपी युक्ती आहे: सर्वांत नवं नाणं शोधा. लोटा त्या सालाच्या आधी दडवला असणं शक्यच नाही. काकांच्या चळतीत वरवर सगळा व्हिक्टोरिया राणीचा जमाना होता, १८६२ आणि १८७७ ची सालं, मग एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज. काका म्हणाले, "पेशव्यांनंतरचा काळ, म्हणजे दोनशे वर्षं जुनं." मी भिंग मागितलं. पाचव्या चळतीत सहाव्या जॉर्जचा एक रुपया निघाला, १९४१ चा. रंगही किंचित वेगळा, कारण १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली होती. म्हणजे लोटा भिंतीत गेला तो १९४१ मध्ये किंवा त्यानंतर.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "आजोबा बेचाळीसच्या गडबडीत भिंत लिंपत होते, असं आई सांगायची." ही आठवण आणि १९३६ पासून त्यांच्या घराण्याच्या नावावर असलेली मिळकत पत्रिका हे त्यांचं सगळ्यांत मोठं बळ. तुमच्या घरी अशी वेळ आली तर हेच जमवा: मिळकत पत्रिका किंवा सातबारा, जुने फेरफार, वारसांची यादी, घरातल्या वयस्कर माणसाचं शपथपत्र. ऐंशीच्या पुढच्या आत्याची साक्ष पुढच्या वर्षावर ढकलू नका.

वारसाचा दावा खरा ठरला तर मिस्त्रीला या कायद्याखाली काही मिळत नाही. उंबऱ्यातल्या माणसासमोर हे सांगताना मला बरं वाटलं नाही.

बेवारस ठरलं तर वाटणी

ठेवा बेवारस ठरला आणि जागेचा मालक म्हणून कोणीच पुढे आलं नाही, तर सगळं सापडणाऱ्याचं. एकच मालक असेल आणि त्याच्या मालकीबद्दल वाद नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश. होय, पाऊण हिस्सा सापडणाऱ्याचा. बहुतेक घरमालकांना हे उलटं वाटतं आणि बहुतेक मजुरांना ठाऊकच नसतं. दोघांमध्ये आधीच करार असेल तर मात्र करारानुसार वाटणी. सगळा ठेवा एकाला देऊन दुसऱ्याला पैसे देणं किंवा लिलाव करून रक्कम वाटणं, हे मार्गही जिल्हाधिकाऱ्यांना खुले आहेत.

पण "सापडणारा" कोण? कायद्यात त्याची व्याख्या नाही, आणि भांडण इथेच पेटतं. पहार मारणारा बिगारी, भांडं बाहेर काढणारा मिस्त्री, कंत्राटदार, की ज्याच्या सांगण्यावरून भिंत पाडली तो? हे सुनावणीतच ठरतं. म्हणून पहिल्या दिवशीच्या यादीत प्रत्येकाचं नाव आणि त्याने नेमकं काय केलं ते लिहा. "कामगारांना सापडले" असं मोघम लिहिलं की कंत्राटदाराचं फावतं.

पुनर्विकास करणाऱ्या सोसायट्यांना आणि वाडेवाल्यांना माझा आग्रह आहे की पाडकामाच्या वर्क ऑर्डरमध्ये एक कलम घाला: पाडताना काही मौल्यवान सापडल्यास त्याच दिवशी मालकाला सांगायचं, आणि ठेवा बेवारस ठरल्यास वाटणी अमुक प्रमाणात. दोन ओळींचं काम, आणि ते कंत्राटदाराबरोबरच नव्हे, मजुरांच्या सहीनेही करा.

नवी मुंबईत मालकाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. सिडकोच्या भूखंडांवरच्या बहुतेक इमारती साधारण साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. कायदा सांगतो की जमीन देताना दस्तात कोणी निखात निधीचा हक्क राखून ठेवला असेल, तर या कायद्यापुरता तोच मालक. तेव्हा सोसायटीच्या कपाटातला लीज डीड काढा आणि खनिज, दगड-माती, भूगर्भातील वस्तू अशा शब्दांची कलमं बारकाईने वाचा. गावठाणातल्या घराला हा प्रश्न सहसा नसतो, तिथे भाऊबंदकीचा असतो. मालकीवर दोन दावे आले की जिल्हाधिकारी वाटणी थांबवतात आणि महिन्याभरात दिवाणी दावा लावायला सांगतात. माझा साधा उपाय: अर्जाची प्रत भाडेपट्टा देणाऱ्यालाही पाठवा.

सरकारने ठेवून घेतलं तर

बेवारस जाहीर झाल्यावर आणि वाटणी होण्याआधी जिल्हाधिकारी ठेवा किंवा त्यातला काही भाग सरकारसाठी घेऊ शकतात. मोबदला: वस्तूतल्या धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश. समजा चांदीची किंमत एक लाख भरली, तर एक लाख वीस हजार. वाटणीत नव्वद हजार सापडणाऱ्याचे, तीस हजार मालकाचे.

धातूची किंमत, इतिहासाची नव्हे. याचं टोकाचं उदाहरण ठाण्यातच आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट सापडले, शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ म्हणजे इ.स. १०१७ चे. भारतात सुरुवातीच्या काळात वाचून छापल्या गेलेल्या ताम्रपटांपैकी ते आहेत. तसे पत्रे आज कोणाला सापडले तर या सूत्राने त्याच्या हातात तांब्याचा भाव आणि वर वीस टक्के पडतील. मला हे कलम कंजूष वाटतं. माणसं लपवतात त्याला हेही एक कारण आहे. पण कायदा आज असा आहे, आणि लपवण्याचा हिशोब त्याहून वाईट आहे.

सूचना दिली नाही, जमा केलं नाही किंवा हमी दिली नाही, अथवा ओळख पटू नये म्हणून वस्तू बदलायचा प्रयत्न केला, तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नाणी आटवून लगड करणं हा तर ओळख मिटवण्याचा सरळ नमुना. मालकाने यात साथ दिली तर त्याचाही हिस्सा जातो आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ खालीही येते. वाटणीत तुमच्याकडे आली तरी ती परदेशातल्या मुलाला पाठवता येत नाही. निर्यातीला किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद. मूर्तीसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय चालत नाही. मूर्ती, शिलालेख, ताम्रपट निघाला तर अर्जाची प्रत मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या राज्य पुरातत्त्व संचालनालयालाही द्या. अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या संरक्षित स्मारकाजवळ असाल तर मुळात खणण्यालाच बंधनं आहेत, तिथे पहिला प्रश्न विचारतील तो "खणत का होता?"

मांत्रिक आणि "अर्ध्या भावात"

बातमी फुटली की दोन प्रकारची माणसं येतात. एक सांगतो, हंड्यावर नाग आहे, पायाळू माणूस आणा, अमावास्येला विधी करू, खाली आणखी सात हंडे आहेत. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. दुसरा येतो खोदकामात सापडलेली सोन्याची माळ विकायला. एक मणी खरा असतो, तोच तपासायला देतो. बाकीची माळ पितळेची. आणि समजा सगळी खरी असली, तरी न कळवलेला ठेवा विकत घेऊन तुम्ही स्वतःच गुन्ह्यात पाय घालता.

काकांचा दावा अजून चालू आहे. चार चुलत भाऊ वारस म्हणून उभे आहेत. मिस्त्री आता घोडबंदर रोडला कामावर असतो आणि प्रत्येक तारखेला फोन करतो. मागच्या महिन्यात काकांनी स्वतःच विचारलं की जिंकलो तर त्याला चौथा हिस्सा देईन असं आत्ताच लिहून देता येईल का. येतं. मसुदा केलाय, तीन भावांच्या सह्या झाल्यात, चौथा विचार करतोय.

त्या रात्री यादी लिहून झाली, चौऱ्याऐंशी नाणी, सह्या झाल्या, मी पेन बंद करत होते. तेव्हा उंबऱ्यातून आवाज आला, "बाई, लोटा राहिला की."

खरंच राहिला होता. पंच्याऐंशीव्या ओळीवर लिहिलं: पितळी लोटा एक, पोचा आलेला.